काचेतल्या मेणबत्तीला मधोमध खड्डा पडतो, काच काळी होते. उपाय?

धंतोली_गल्ली४
काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती आहे, तोंड साधारण ८ सेमी. रोज अर्धा तास लावतो. वातीभोवती विहिरीसारखा खड्डा पडलाय, कडेचं मेण तसंच आहे आणि काचेवर एका बाजूनं काजळी धरते. खोलीत कूलर सुरू असतो. दुसरं, लाईन गेली की लावायच्या जाड मेणबत्त्या माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या वाकल्या. सरळ होतील का? आणि विझवायला पाणी टाकलं तर चालतं का?

वात_आणि_मेण
खड्ड्याचं कारण तो अर्धा तासच. नवी मेणबत्ती पहिल्यांदा लावली की वरचं मेण काचेच्या कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवायची नाही. तोंडाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, म्हणजे तुमच्या ८ सेमीला तीन तास. पहिल्या वेळी जेवढा घेर वितळला, पुढच्या वेळी मेण तेवढंच वितळायला बघतं. वात दरवेळी आणखी खोल जाते आणि शेवटी स्वतःच्याच मेणात बुडून विझते.

आत्ता दुरुस्त करायचं तर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी करा. काचेच्या काठावर घट्ट बसवा, मधे तीनेक सेंटिमीटरचं भोक ठेवा. उष्णता आत अडकते आणि कडेचं मेण तास-दीड तासात खाली येतं. तोवर समोरून हलायचं नाही. फॉइल तापते, हात लावू नका. भोक लहान ठेवलं तर ज्योतीला हवा पुरत नाही आणि धूर सुटतो.

एका वेळी चार तासांच्या वर जाळू नका. वातीच्या टोकाला कोळशाची गाठ धरते, ज्योत मोठी होते. पुढच्या वेळी लावण्याआधी, मेण थंड असताना, वात ५-६ मिमी ठेवून कापा. नेलकटर चालतो. कापलेला तुकडा आणि काडी मेणात पडू देऊ नका. पडलेली काडी दुसरी वात बनते आणि अख्खं मेण पेट घेऊ शकतं.

तळाशी १ सेमी मेण उरलं की ती मेणबत्ती संपली समजा. पैसे वसूल करायच्या नादात तळ तापतो, काच तडकते, खालच्या टेबलावर डाग पडतो.

महाल_जुनावाडा
काजळी एकाच बाजूला आहे ना? मग कूलरच. कूलर नीट चालायला समोरची खिडकी उघडी लागते, म्हणजे खोलीभर वारा वाहणार. ज्योत एकीकडे झुकते, मेणाची वाफ पूर्ण जळत नाही, न जळलेला कार्बन काचेवर बसतो. काचही त्याच बाजूनं जास्त तापते. वात कापून हे थांबणार नाही. कूलर किंवा मेणबत्ती, दोन्हीतलं एक. पंख्याखालीही तेच.

इतवारी_किराणा
लाईन गेल्यावर परातीत पाणी घालून मधे मेणबत्ती उभी करायची, पडली तरी विझते. सोपं काम आहे भाऊ.

वात_आणि_मेण
@इतवारी_किराणा परात बरोबर, पाणी नको. मेणबत्ती जळत खाली आली की ज्योत पाण्याला टेकते आणि गरम मेण तडतडून उडतं. त्याऐवजी स्टीलच्या वाटीत कोरडी वाळू भरा, त्यात मेणबत्ती २-३ सेमी रोवा आणि वाटी परातीत ठेवा. फ्रिजवर, टीव्हीवर, प्लास्टिकच्या झाकणावर नको. ज्योतीच्या वर किमान एक मीटर मोकळं हवं. भिंतीतल्या फळीखाली ठेवलेली मेणबत्ती फळी हळूहळू भाजते, ते लक्षातही येत नाही. दिवाळीतल्या छोट्या वाटीच्या मेणबत्त्यांमधे ८-१० सेमी अंतर ठेवा, नाहीतर एकमेकींना तापवून सगळं मेण पातळ करतात.

महाल_जुनावाडा
पाण्याचा प्रश्न राहिला. नाही. गार पाण्यानं काच फुटते, मेण उसळतं. तार किंवा चमच्याच्या दांड्यानं वात वितळलेल्या मेणात बुडवा आणि लगेच उभी करा. धूर होत नाही, वातीला मेण लागून पुढच्या वेळी पटकन पेटते. उरलेलं मेण वितळवायचं असेल तर गंज थेट गॅसवर चढवू नका. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात मेणाचा गंज, म्हणजे ताप १०० अंशांच्या वर जात नाही. थेट आचेवर मेण पेटलं तर गॅस बंद करून झाकण सरकवा. तिथे पाणी टाकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण घरभर उडतं.

धंतोली_गल्ली४
समजलं. वाकलेल्यांचं काय?

वात_आणि_मेण
मे महिन्यात बाहेर पारा कधीकधी ४५ पर्यंत जातो, स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो. पॅराफिन त्याच्या आसपासच मऊ पडतं. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, लवचीक झाली की ओट्यावर लाटण्यासारखी फिरवा, मग गार पाण्यात सोडा. लावण्याआधी वात पूर्ण वाळू द्या. साठवताना कागदात गुंडाळून, आडवी, सर्वांत खालच्या कप्प्यात. फ्रीजरमधे नको, तडे जातात.

महाल_जुनावाडा
आणि मेणाचा चटका बसला तर २० मिनिटं गार पाण्याची धार. चिकटलेलं मेण ओढून काढू नका, कातडी सोबत येते. टूथपेस्ट नको, बर्फही नको. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं. नळाच्या भरवशावर न राहता बादलीतलं किंवा माठातलं पाणी तांब्यानं ओतत राहा. फोड आला किंवा चेहऱ्याला लागलं तर दवाखाना.