चौथा प्रश्न गाळू नका

उपचारांत श्रद्धेला जागा किती, ही चर्चा प्रार्थनेने रुग्ण बरा होतो का, यावरच अडकलीय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बायपासच्या १८०२ रुग्णांवरच्या चाचणीत परक्यांच्या प्रार्थनेचा फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ठाऊक असलेल्यांत गुंतागुंत ५९ टक्के, खात्री नसलेल्यांत ५२. असो.

खरा उपयोग डॉक्टरांनी रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस करण्यात आहे. अमेरिकी डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांच्या 'फायका' पद्धतीत चार गोष्टी विचारतात: श्रद्धा कशावर, तिचं महत्त्व किती, पाठीशी कोण, आणि उपचारांत ती कशी सांभाळायची. हा चौथा प्रश्न राहिला की घोळ होतो. उपास कळत नाही, इन्सुलिनचा डोस तोच राहतो, साखर झपकन उतरते.

आणि हो, वेदना आटोक्यात आल्यावरच विचारावं. डॉक्टरांनी ऐकून घ्यावं, उपदेश नको.