मदत हवी आहे: मोबाइल डेटावर साइटचं नाव उघडंच जातंय

अँड्रॉइड १४, प्रीपेड सिम. सिम कंपनीच्या ॲपमधली जाहिरातींची परवानगी बंद केली आहे. पण त्याने जाहिराती थांबतील, कोणत्या साइट बघितल्या याची नोंद थांबेलच असं नाही. प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता शोधायची विचारणा एन्क्रिप्ट करणारं सेटिंग) क्लाउडफ्लेअरचं, फायरफॉक्समध्ये फक्त एचटीटीपीएस. त्यामुळे अमेरिकेत व्हेरायझन ही मोबाइल कंपनी साध्या, एन्क्रिप्ट नसलेल्या एचटीटीपी विनंतीत ओळखक्रमांक घुसवायची (२०१६ मध्ये १३.५ लाख डॉलर दंड बसला), तो प्रकार इथे चालणार नाही.

घोडं अडलंय एसएनआयपाशी, म्हणजे जोडणी सुरू होताना ब्राउझर साइटचं नाव पाठवतो तिथे. क्लाउडफ्लेअरच्या ट्रेस पानावर वायफायवर 'एसएनआय=एन्क्रिप्टेड' दिसतं, सिमवर मात्र 'प्लेनटेक्स्ट', म्हणजे उघडं. फोन, ब्राउझर, सेटिंग तेच. कॅशे साफ करूनही तेच. व्हीपीएन सुचवू नका, बँकेचं ॲप अडतं.

ईसीएच (एसएनआय एन्क्रिप्ट करणारं तंत्र) सिमवरही चालावं म्हणून फायरफॉक्सचं स्वतःचं डीएनएस 'मॅक्स प्रोटेक्शन'वर ठेवावं लागतं, की कंपनीच मध्ये काही अडवत असेल? आणि ते तपासायचं कसं?