मदत हवी आहे: रूम करेक्शन लावलं की रेकॉर्ड अ‍ॅनालॉग राहते का?

मी भुसावळचा. वडिलांच्या तबकड्या माळ्यावरून काढल्या, टर्नटेबल रिसीव्हरच्या फोनो इनपुटला जोडला. खोली १२ बाय १० फूट, सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. डग्ग्यावर थाप पडली की कुणी माठात तोंड घालून बोलतंय असं वाटतं. तबलजी थांबतो, खोली थांबत नाही.

परवा रात्री एक वाजता माइक लावून रूम करेक्शन केलं, म्हणजे रिसीव्हरने खोलीचं घुमणं मोजून आवाज त्यानुसार सुधारला. (दिवसा जमत नाही. कूलर बंद ठेवला तर माणूस शिजतो, चालू ठेवला तर माइक त्याचीच घरघर मोजतो.) घुमणं बरंच गेलं. पण मित्र म्हणाला, "भो, आता तू रेकॉर्ड नाही, कॉम्प्युटर ऐकून राहिला." तेव्हापासून डोक्यात किडा. प्युअर डायरेक्ट (करेक्शन वगळून थेट आवाज) दाबलं की आवाज भरदार लागतो, पण माठ परत येतो. सुईकडून आलेला सिग्नल खरंच डिजिटल होतो का? आणि त्यात जातं काय?

उत्तर: होतो. करेक्शनचे फिल्टर म्हणजे गणित, त्यामुळे सिग्नलचे आधी आकडे होतात, फिल्टर लागतो, मग पुन्हा अ‍ॅनालॉग. पण तबकडीची डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) फार तर ६०-७० डेसिबल, साध्या १६ बिटमध्येही ९६ मावतात. रूपांतरात तुमचं फारसं काही सांडत नाही. फरक ऐकू येतो तो फिल्टरचा. १२ फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींत पहिला घुमारा सुमारे ४७ हर्ट्झला, पुढचा ९४ ला. डग्गा बहुधा तिथेच अडकतोय. फिल्टर तो उंचवटा कापतो, म्हणून आवाज एकूणच लहान लागतो आणि डायरेक्ट भरदार. तुलना करताना व्हॉल्यूम सारखा करा, नाहीतर मोठा आवाज दरवेळी जिंकेल. जिथे बेस मुळातच पडतो तो खड्डा मात्र फिल्टरने भरत नाही, उगाच अ‍ॅम्प तापतो. आणि खुर्ची भिंतीला टेकलेली आहे का? असेल तर पुढे घ्या, मग पुन्हा मोजा.

धागाकर्ता: टेकलेलीच होती! दीड फूट पुढे ओढली, तर करेक्शन न लावताही डग्गा आवळला. फक्त आता स्वयंपाकघराची वाट अडते, आई येता-जाता खुर्ची मागे ढकलते. फरशीवर खडूने खूण केलीय. रात्री कूलर बंद करून पुन्हा मोजतो.