एज ऑफ एम्पायर्स २ साठी कीबोर्ड: कोणता घ्यावा आणि त्यात कोणते बदल करावेत?

दगडखाण (धागाकर्ता):

नमस्कार. मी गेली चार वर्षे एज ऑफ एम्पायर्स २ या स्ट्रॅटेजी खेळाची डेफिनिटिव्ह आवृत्ती नियमित खेळतो आहे आणि गेल्या वर्षापासून ऑनलाइन स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांतही उतरू लागलो आहे. माझ्याकडे सध्या एका दुकानातून घेतलेला स्वस्त मेकॅनिकल (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला) कीबोर्ड आहे. या पावसाळ्यापासून त्यातील दोनच्या आकड्याची कळ एकदा दाबली तरी दोनदा लागते. टंकलेखनात ही चूक पुसून पुढे जाता येते, पण आपल्या खेळात सैनिकांच्या गटाला नेमून दिलेला आकडा लागोपाठ दोनदा लागला की पडदा थेट त्या गटावर जातो, आणि तिथे हा दोष फार महागात पडतो.

मागच्या आठवड्यातील एक प्रसंग सांगतो. मी तळावर नव्या गावकऱ्यांना कामे नेमून देत होतो आणि त्याच वेळी माझे धनुर्धारी शत्रूच्या बुरुजाजवळ अडचणीत सापडले होते. दोनचा आकडा दाबायचा आणि टाउन सेंटरच्या, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीच्या, शेजारी उजवे क्लिक करून त्यांना माघारी बोलवायचे, एवढेच मला करायचे होते. कळ दोनदा लागली, पडदा तळावरून लढाईच्या जागी गेला आणि घराकडे पडायला हवे होते ते माझे क्लिक बुरुजाच्या पायथ्याशी पडले. चौदा धनुर्धारी निमूटपणे चालत बुरुजाखाली जाऊन उभे राहिले. तो सामना मी हरलो.

आता नवा कीबोर्ड घ्यायचा आहे. बजेट आठ ते नऊ हजार रुपये आहे. घर दोन खोल्यांचे आहे, धाकटी बहीण यंदा बारावीला आहे आणि माझे सामने बहुधा रात्री अकरानंतर असतात, त्यामुळे आवाज कमी असणे आवश्यक आहे. दुकानदार आणि व्हिडिओ करणारे सगळेच 'स्पीड' स्विच, म्हणजे थोडे दाबताच लागणारे स्विच, घ्या असे सांगतात. आपल्या प्रकारच्या खेळाला त्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि कीबोर्ड घेतल्यानंतर त्यात कोणते बदल करणे सार्थकी लागते, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तटबंदी:

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि 'स्पीड' स्विचबद्दल तुम्हाला आलेली शंका त्याहून योग्य आहे. वेगाचे हे सगळे बोलणे नेमबाजीच्या खेळांतून आपल्याकडे आले आहे. स्ट्रॅटेजी खेळाचे अंतर्गत काम वेगळ्या पद्धतीने चालते आणि ते समजून घेतल्याशिवाय कीबोर्ड निवडू नये.

१९९७ च्या पहिल्या एज ऑफ एम्पायर्सपासून या मालिकेत प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर तीच लढाई स्वतंत्रपणे चालवली जाते आणि जाळ्यावरून फक्त आज्ञा पाठवल्या जातात. सगळ्यांकडे तीच आज्ञा त्याच क्षणी अमलात यावी म्हणून ती लगेच न चालवता दोन फेऱ्या (आज्ञांच्या देवाणघेवाणीचे ठरावीक छोटे कालखंड) पुढे ढकलली जाते. म्हणजे तुम्ही 'माघारी फिरा' म्हटल्यावर सैनिक वळेपर्यंत जो वेळ जातो तो मुळातच मिलिसेकंदांच्या शेकड्यांत मोजण्यासारखा असतो. कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा माहिती पाठवत असेल तर दोन वेळांमधले अंतर ८ मिलिसेकंद असते आणि १००० वेळा पाठवत असेल तर १ मिलिसेकंद. हा सात मिलिसेकंदांचा फरक त्या विलंबात कुठल्या कुठे विरून जातो. गट निवडणे आणि पडदा हलवणे या गोष्टी मात्र तुमच्याच संगणकावर तत्काळ घडतात, म्हणून तिथे कळ बरोबर लागली की चुकली हे लगेच जाणवते. आपल्या खेळात कीबोर्डकडून वेगापेक्षा अचूकपणाची अपेक्षा जास्त ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यामुळे चेरी कंपनीच्या स्पीड सिल्व्हरसारखा १.२ मिलिमीटरवर लागणारा स्विच मी तुम्हाला सुचवणार नाही. आपली बोटे कळांवर विसावलेली असतात. दोन चकमकींच्या मधल्या निवांत काळात नुसता हात टेकला तरी अशी कळ लागते, आणि निवडलेल्या गावकऱ्यांच्या हातात नको ते बांधकाम येते. साधा चेरी रेड ४५ सेंटीन्यूटन जोर लावल्यावर २ मिलिमीटरवर लागतो, ब्राउनला मध्ये एक टप्पा जाणवतो आणि ब्लॅकला ६० सेंटीन्यूटनचा जोर लागतो. तुमच्या घरची परिस्थिती पाहता सायलेंट रेड किंवा त्या जातीचा कोणताही सायलेंट लिनिअर (मध्ये टप्पा न जाणवता सरळ खाली जाणारा) स्विच योग्य ठरेल, कारण त्याच्या दांड्यावर वर आणि खाली आदळण्याच्या जागी मऊ गादी बसवलेली असते. निळे, म्हणजे टकटक करणारे स्विच बारावीच्या विद्यार्थिनीच्या घरात आणूच नयेत.

मेकॅनिकल नसेल तर स्पर्धा खेळता येत नाही, हा समजही मनातून काढून टाका. दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट या स्ट्रॅटेजी खेळाचे व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे सॅमसंगच्या डीटी-३५ या साध्या मेम्ब्रेन (कळांखाली रबराचा पडदा असलेल्या) कीबोर्डवर खेळत असत. मेकॅनिकलचा खरा फायदा वेगळा आहे: एक कळ बिघडली तर तेवढीच बदलता येते आणि प्रत्येक बोटाला मानवेल तसा वेगळा स्विच बसवता येतो. म्हणून माझी एकच अट आहे, आणि ती म्हणजे कीबोर्ड हॉट-स्वॅप असावा, म्हणजे स्विच सोल्डरिंग न करता, नुसता ओढून काढता यावा. कीक्रॉनचा व्ही३ बजेटमध्ये बसत असेल तर तो पाहा. त्यात ८७ कळा आहेत, हॉट-स्वॅप सॉकेट आहेत आणि क्यूएमके हे कीबोर्डच्या आत चालणारे सॉफ्टवेअर असल्यामुळे कळांची मांडणी हवी तशी बदलता येते. रेड्रॅगनच्या के५५२ सारखे स्वस्त पर्यायही आहेत, परंतु त्यातील सगळ्याच आवृत्त्या हॉट-स्वॅप नाहीत, त्यामुळे दुकानात खोका उघडून खात्री करूनच पैसे द्या. मुंबईत राहत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन स्वतः बोटांनी दाबून पाहणे सर्वांत चांगले.

उत्तररात्र:

तटबंदी यांच्याशी सहमत आहे. आकाराबद्दल थोडी भर घालतो. ६० टक्के आकाराचे, म्हणजे ६१ कळांचे कीबोर्ड दिसायला सुंदर असतात, पण त्यांत एफ१ ते एफ१२ ची रांग नसते आणि प्रत्येक वेळी एफएन ही जोडकळ धरून ठेवावी लागते. तुम्ही उद्या स्टारक्राफ्ट २ खेळायला गेलात तर तिथे एफ१ ने रिकामा कामगार आणि एफ२ ने सगळे सैन्य निवडले जाते, ती रांग नसल्यास हात अडतो. याउलट १०४ कळांचा पूर्ण कीबोर्ड घेतला की आकड्यांच्या पट्ट्यामुळे माउस उजवीकडे लांब जातो आणि खांदा भरून येतो. ८७ कळांचा घ्यावा. कीबोर्डमागचे पाय मिटवून तो सपाट ठेवावा, म्हणजे मनगट वर मुडपत नाही. मी दोन वर्षे पाय उघडून खेळलो आणि शेवटी मनगटासाठी फिजिओथेरपी घ्यावी लागली, म्हणून हे आवर्जून सांगतो आहे.

खाडीकाठ:

तुमची कळ दोनदा लागते त्यामागे हवा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मी कोकणात खाडीजवळ राहतो. स्विचच्या आत धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकतात तेव्हा कळ लागते. पातीवर गंज किंवा मळ बसला की ती टेकताना थरथरते आणि कीबोर्डला एकाच दाबात दोन दाब झाल्यासारखे वाटतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा त्रास ठरलेलाच असतो. चांगल्या स्विचमध्ये संपर्काच्या जागी सोन्याचा मुलामा असतो, स्वस्त स्विचमध्ये बहुधा तेथेच काटकसर केलेली असते.

याच कारणासाठी मी मागच्या वर्षी मॅग्नेटिक, म्हणजे हॉल इफेक्ट कीबोर्ड घेतला. त्यात पात्या टेकतच नाहीत. दांड्यात चुंबक असतो आणि खालचा संवेदक त्याचे अंतर मोजतो, त्यामुळे गंजण्यासारखे तिथे काही उरत नाही. शिवाय कोणती कळ किती दाबल्यावर लागावी हे प्रत्येक कळीसाठी वेगळे ठरवता येते. मी आकड्यांची रांग २ मिलिमीटरवर ठेवली आहे आणि करंगळीच्या कळा थोड्या वर. त्यांच्या जाहिरातीत ज्या 'रॅपिड ट्रिगर'चा (कळ जराशी वर येताच ती सुटली असे धरण्याचा) गाजावाजा असतो तो आपल्या खेळात मी बंदच ठेवतो. आवाजाच्या बाबतीत मात्र सायलेंट लिनिअर त्याहून चांगले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. तुमच्यासाठी आवाज महत्त्वाचा असल्याने तटबंदी यांचा सल्ला अधिक योग्य वाटतो. फक्त पावसाळ्यात खेळून झाल्यावर कीबोर्ड सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवत जा.

दगडखाण:

सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. टेप मॉड आणि फोम यांनी आवाज कमी होतो असे वाचले आहे, ते खरे आहे का? आणि गट नेमताना आकड्यासोबत दाबाव्या लागणाऱ्या कंट्रोलसाठी माझी करंगळी फार ताणली जाते, त्यावर उपाय काय?

तटबंदी:

टेप मॉडने, म्हणजे सर्किट बोर्डच्या पाठीला मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावल्याने आवाजाचा पोत बदलतो. तो भरीव आणि टपोरा होतो, कमी होत नाही. स्विच आणि बोर्ड यांच्यामध्ये घालायच्या पातळ पीई फोमचेही तसेच आहे. ज्यांना आवाज आवडतो त्यांच्यासाठी ते बदल आहेत. तुम्हाला शांतता हवी असेल तर सायलेंट स्विच, कीबोर्डच्या कवचात तळाशी जाड फोम आणि कीबोर्डखाली जाडसर डेस्क मॅट एवढे पुरे.

वंगण मात्र जरूर लावा, कारण त्याने खरखर जाते आणि कळ प्रत्येक वेळी सारखीच वाटते. लिनिअर स्विचसाठी क्रायटॉक्स २०५जी० वापरतात. शून्य क्रमांकाच्या ब्रशने दांड्याच्या बाजू आणि खालच्या खोबणीतील रुळांवर इतका पातळ थर द्यायचा की जागा फक्त ओलसर चमकावी, पांढरे दिसता कामा नये. जास्त झाले की कळ उशिरा वर येते आणि भरभर दाबताना अडते. दांड्याचे जे दोन पाय पातीला ढकलतात त्यांना वंगण लावू नका. सगळे ८७ स्विच उघडत बसण्याचीही गरज नाही. डावा हात जिथे फिरतो त्या एस्केपपासून एफ४ पर्यंतच्या, सहाच्या आकड्यापर्यंतच्या आणि स्पेसबारपर्यंतच्या कळा मोजल्यात तर ३४ भरतात. आधी तेवढ्याच करा.

करंगळीसाठी कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणा. क्यूएमकेत ते कीबोर्डमध्येच साठवले जाते, त्यामुळे स्पर्धेच्या ठिकाणी दुसऱ्या संगणकावरही चालते. एक इशारा देतो: टॅप केल्यास एक आणि धरल्यास दुसरे, अशी दुहेरी कळ करू नका. कळ टॅप केली की धरली हे ठरवायला क्यूएमके मूळ नेमणुकीप्रमाणे २०० मिलिसेकंद घेते आणि गट नेमताना तेवढ्यात घोटाळा होतो. एका दाबात अनेक आज्ञा देणारे मॅक्रोही नकोत. स्पर्धांमध्ये त्यांना सहसा मनाई असते, तरी प्रत्येक वेळी नियमावली वाचा.

टाउन सेंटर निवडणारी एच ही कळ डाव्या हाताला लांब पडते. खेळाच्या हॉटकीमध्ये (कळांच्या नेमणुकीत) जाऊन ती माउसच्या बाजूच्या बटणावर न्या. तिथे एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात हा हात तुम्ही किती वेळा ताणता याचा हिशेब करून पाहा.

दगडखाण (तीन आठवड्यांनी):

सल्ल्याप्रमाणे ८७ कळांचा हॉट-स्वॅप कीबोर्ड आणि सायलेंट लिनिअर स्विच घेतले. स्विचना पाच पिना होत्या आणि माझ्या बोर्डाला तीनच छिद्रे होती, त्यामुळे प्लॅस्टिकचे दोन पाय नेलकटरने कापावे लागले. वंगणाला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या पाच स्विचमध्ये ते जास्त झाले आणि कळा सुस्तपणे वर येऊ लागल्या, ते पाचही आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पुन्हा केले.

विंडोज कळीखाली मुद्दाम जड स्प्रिंगचा स्विच बसवला आहे, त्यामुळे तो चुकून लागत नाही. चारच्या आकड्यावर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावला आहे. आता खाली न पाहता तर्जनीला चार सापडतो आणि त्यावरून बाकीचे आकडे. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणल्यावर पहिले चार-पाच दिवस गट नेमताना बोट जुन्याच कोपऱ्यात जात होते, आता सवय झाली आहे. बहीण शेजारच्या खोलीत अभ्यास करते आणि तिला कळांचा आवाज जात नाही असे ती म्हणते. स्पेसबार मात्र अजून खडखडतो, कारण त्याला तोलून धरणाऱ्या स्टॅबिलायझरच्या तारेला मी हात लावलेला नाही. डायइलेक्ट्रिक ग्रीस मागवले आहे, रविवारी ते काम करून कसे झाले ते इथे लिहीन.