मदत हवी आहे: जुन्या विंचेस्टर ९४ रायफलची रास्त किंमत किती?
मंडळी, इथे टेक्सासमध्ये हरणांच्या शिकारीसाठी जुनी विंचेस्टर मॉडेल ९४ घ्यायची आहे, .३०-३० काडतुसाची. ऑनलाइन लिलावात प्रत्येक विक्रेता तिला 'दुर्मीळ' म्हणतो. ७० लाखांहून जास्त बनलेली रायफल दुर्मीळ कशी? १९६४च्या आधीच्या बनावटीला जास्त भाव मिळतो ते समजू शकतो; त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवायला घडणच बदलली. पण नंतरच्या रायफलींनाही तोच भाव लावतात, याचा फार राग येतो. शिवाय पाठवणी आणि परवानाधारक डीलरची फी वेगळीच. मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष सौदा झालेली किंमत तुम्ही कुठे पाहता? आणि ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा गंजरोधक थर) मूळचं की नव्याने केलेलं, हे फोटोवरून कसं ओळखता?