मदत हवी आहे : ऑडिटला जाताना विजोड मोजे घातले तर काय बिघडतं?

खानापूरचा_आर्टिकल :

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण आठ दिवस डोक्यात हाच किडा वळवळतोय.

मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात टिळकवाडीला खोली घेऊन राहतो आणि एका सीए ऑफिसात आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करतो, पहिलंच वर्ष. पोशाख ठरलेला आहे : फिकट शर्ट, गडद पँट, काळे बूट, मोठ्या क्लायंटकडे जायचं असलं की टाय. मोज्यांचं कुणी काही बोललं नव्हतं. ताई पुण्यात आयटीत आहे. मी जॉइन झालो तेव्हा तिनं सहा जोड रंगीबेरंगी मोजे पाठवले. एकावर आंबे, एकावर वाघ, एकावर नुसत्या पांढऱ्या रेघा. मला ते आवडतात. दिवसभर व्हाउचर तपासताना खाली दोन बोटं रंग दिसला की जरा बरं वाटतं.

पण इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. गेल्या आठवड्यात एकही जोड धड वाळला नव्हता. एक मरून आंब्यांचा आणि एक निळा रेघांचा एवढेच कोरडे. म्हटलं, बुटात कोण बघतंय? आणि गेलो रविवार पेठेत, एका होलसेल व्यापाऱ्याच्या पेढीवर.

पेढीवर बूट बाहेर काढायचे असतात हे साफ विसरलो होतो.

पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडी घालून लेजर उघडलं. म्हाताऱ्या शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ओंदु कप्पु, ओंदु केंपु!" एक काळा, एक तांबडा. (काळा नव्हता, निळा होता, पण असो.) मग मराठीत, "काय गा, तुमच्या खानापुरात कालुचील जोडीनं मिळत न्हाईत काय?" सगळी पेढी हसली. सरही हसले. परत येताना गाडीत मात्र एवढंच म्हणाले, "उद्यापासून काळे. आपण लोकांचे आकडे जुळवायला जातो."

ते वाक्य लागलं हो.

आता सोमवारी उद्यमबागेत एका कंपनीत मीटिंग आहे, सरांबरोबर. रंगीत मोजे कायमचे पेटीत टाकू का? की काही मधला मार्ग आहे? आणि या पावसात मोजे वाळवता कसे, तेही सांगा.

गोवावेसचा_बाब्या :

सर बरोबर बोलले. काळे घाल, विषय संपव.

होजिअरी_काउंटर :

बाब्या, विषय एवढ्यात संपत नाही. मी गणपत गल्लीत वीस वर्षं मोजे विकतोय.

मुलगा येतो आणि "काळे द्या" म्हणतो. मी विचारतो, पँट कुठली? तो म्हणतो, बूट काळे आहेत. बूट राहू दे बाजूला, मोजा पँटशी जुळवायचा असतो. राखाडी पँटला राखाडी, नेव्हीला नेव्ही. मग बसलं की पाय लांबलचक एकसंध दिसतो. काळ्या बुटाला काळा मोजा चुकीचा नाही, पण नेव्ही पँटखाली मधेच काळा पट्टा दिसतो तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट रंगापेक्षा मोठी. लांबी. आजकाल सगळे घोट्यापर्यंतचे अँकल घेतात. तेच घालून सूटमध्ये खुर्चीवर पायावर पाय टाकला की केसाळ नडगी बाहेर. त्यापेक्षा वाघाचा मोजा परवडला! दुकानात "फुल लेंथ" म्हणून माग. गुडघ्याच्या खालपर्यंत जातो, घसरत नाही. नुसतं नायलॉन घेऊ नकोस, पेढीवर बूट काढलास की वासानं लोक उठून जातील. कॉटन जास्त, आणि ताणासाठी थोडं नायलॉन-इलास्टिक, असं बघून घे.

एकाच रंगाचे सहा जोड एकदम घेतलेस तर एक हरवला तरी जोड मोडत नाही. काळा आणि नेव्ही अंधारात ओळखू येत नसतील तर नेव्हीच्या अंगठ्याकडे आतून लाल दोऱ्याचा एक टाका घाल. आमच्या घरी लाइट गेली की हाच उपाय.

शहापूरची_माहेरवाशीण :

वाळवण्याचं मी सांगते. धुतल्यावर कोरड्या टॉवेलवर मोजे पसर, टॉवेलाची घट्ट गुंडाळी कर आणि दोन्ही टोकांनी पीळ. निम्मं पाणी टॉवेल पितो. मग उलटे करून पंख्याखाली टाक, सकाळपर्यंत होतात. बाइकच्या इंजिनावर ठेवू नकोस, माझ्या भावानं ठेवले होते.

आता रंगाचं. आमच्या माहेरी माग होते, त्यामुळं मला हे सोपं वाटतं. साडीचं अंग एक, काठ वेगळा, आणि ब्लाऊज घेतो तो काठावरून. अंगाशी भांडणारा रंग काठात चालतो, कारण तो साडीत आधीपासून असतो. तसंच कर. टायमध्ये मरून ठिपका असेल तर मोजा मरून. शर्टावर बारीक निळी रेघ असेल तर मोजा निळा. मग मोजा कितीही उठावदार असला तरी तो उपरा वाटत नाही. तुझे आंबे पिवळे आणि अंगात पिवळं काहीच नाही, म्हणून ते एकटे पडले.

हिंजवडी_रिटर्न :

अरे, कसल्या जुन्या गोष्टी करताय? कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी, जस्टिन ट्रूडोंनी, २०१७ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या पंतप्रधानांना भेटताना दोन पायांत दोन वेगळे मोजे घातले होते. एका पायावर एक यंत्रमानव, दुसऱ्यावर दुसरा. जगभर फोटो छापून आले. अमेरिकेचे थोरले जॉर्ज बुश तर रंगीत मोज्यांसाठीच ओळखले जायचे. २०१८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीही पायात विमानांच्या नक्षीचे मोजे होते, कारण तरुणपणी ते नौदलात वैमानिक होते. बिनधास्त घाल!

गोवावेसचा_बाब्या :

ते पंतप्रधान. हा आर्टिकल. त्यांना कोण म्हणणार "उद्यापासून काळे"?

राणी_चन्नम्मा_चौक :

बाब्या गमतीनं बोलला, पण मुद्दा नेमका तोच आहे. मी मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवते. हार्वर्डच्या संशोधकांचा २०१४ सालचा एक अभ्यास आहे, 'लाल बुटांचा परिणाम' या नावानं ओळखला जातो. त्यांनी मिलानमधल्या महागड्या दुकानांच्या विक्रेत्यांना विचारलं : व्यायामाच्या कपड्यांत आलेली बाई आणि फरचा कोट घालून आलेली बाई, यांतली पैसेवाली कोण? विक्रेत्यांनी व्यायामाच्या कपड्यांतली जास्त मोठी गिऱ्हाईक मानली. रीत मोडायची हिंमत आहे म्हणजे ऐपत असणार, हा त्यांचा हिशेब.

पण त्यात एक अट निघाली. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही रीत माहीत असून मुद्दाम मोडली आहे. चुकून घडलंय असं वाटलं की सगळा रुबाब उतरतो.

तुझ्या एका पायात आंबे आणि दुसऱ्यात रेघा. ते मुद्दाम वाटतच नाही, घाई वाटते. विजोड घालायचेच असतील तर दोन्हीत काहीतरी सारखं ठेव : तीच लांबी, तीच जाडी, तीच नक्षी, फक्त रंग उलटा. एक मरूनवर निळे ठिपके, दुसरा निळ्यावर मरून ठिपके. बैलजोडीत एक ढवळा, एक पवळा चालतो, पण उंची सारखी लागते ना!

आणि हे पुणे-कॅनडाचे सल्ले इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिकडे ऑफिसात बूट पायातच राहतात, मोजा दोन बोटं डोकावतो. आपल्याकडे पेढी, वकिलाची बैठक, क्लायंटच्या घरचा सत्यनारायण, कारखान्यातली खंडेनवमीची पूजा, सगळीकडे बूट दाराबाहेर. मोजा टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळ्यांसमोर. भोक असेल तर तेही.

फौंड्री_दुसरी_पाळी :

उद्यमबागेत मीटिंग केबिनमध्येच आहे ना, विचारून घे. स्टॉक बघायला शॉपवर, म्हणजे कारखान्यात आत नेतात. आमच्या फौंड्रीत (धातू वितळवून ओततात तिथं) पाव्हण्यालाही सेफ्टी शूज देतात. आत कॉटनचे जाड मोजे पाहिजेत. नायलॉन, पॉलिस्टरवर तापलेला थेंब पडला तर कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. नक्षी कसलीही असू दे, भट्टीला काय फरक पडत नाही.

हिंडलग्याची_आई :

प्रश्नाला थोडं सोडून आहे, तरी लिहिते. माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. २१ मार्चला जगभर लोक मुद्दाम दोन वेगळे मोजे घालतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून एकवीस आणि तीन, ती तारीख. संयुक्त राष्ट्रांतर्फे हा दिवस २०१२ पासून पाळला जातो. मोजेच का, तर चित्रात गुणसूत्रांची जोडी मोज्यांच्या जोडीसारखी दिसते. कुणी विचारलं, "अहो, हे काय घातलंय?" की मग सांगायचं.

यंदा मी बँकेत गेले होते तशी. एकाही माणसानं विचारलं नाही. सगळ्यांनी पाहिलं आणि नजर फिरवली. तुझ्या शेठजींनी निदान विचारलं तरी. पुढच्या २१ मार्चला तुझे आंबे आणि रेघा घालून त्याच पेढीवर जा, आणि विचारलं तर सांग.

खानापूरचा_आर्टिकल :

सगळ्यांचे आभार. आता काय झालं ते सांगतो.

शनिवारी गणपत गल्लीतून नेव्ही फुल लेंथचे सहा जोड घेतले. (होजिअरी काका, तुमचंच दुकान होतं का कळलं नाही, पण काउंटरवरच्यांनी पहिला प्रश्न "पँट कुठली?" हाच केला.) एक जोड मरून बारीक ठिपक्यांचा घेतला, टायमध्ये तोच मरून आहे म्हणून. माहेरवाशीण ताई, टॉवेलची युक्ती शंभर टक्के चालली.

सोमवारी ठिपक्यांचेच घातले. उद्यमबागेत गेटवरच सेफ्टी शूज दिले, ते घोट्याच्या वर. चार तासांत माझ्या पायाकडे कुणी पाहिलंही नाही. परत येताना गाडीत सरांना सरळ विचारलं, "सर, हे चालतील?" त्यांनी खाली बघून म्हटलं, "हे मोजे वाटतात." एवढंच. मी होकार धरलाय.

हिंडलग्याच्या आई, २१ मार्च कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. सरांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण तारीख परत एकदा विचारली.

आणि काल पुन्हा रविवार पेठ. शुद्ध नेव्ही, दोन्ही पाय सारखे, गादीवर ऐटीत मांडी. शेठजींनी चष्मा नाकावर ओढला, दोन्ही पायांकडे आलटून पालटून बघितलं आणि तोंड पाडून विचारलं, "केंपु एल्लि?"

तांबडा कुठाय म्हणे.