चार गिअरच्या गाडीला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसेल का? तातडीने मदत हवी आहे

उतारावरचा
मुक्काम इंदूर. घरची जुनी हॅचबॅक चार गिअरची असून तिला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घ्यायचा विचार आहे. आमच्या मेकॅनिकने एक जुना गिअरबॉक्स दाखवला आहे आणि परवापर्यंत होकार कळवला नाही तर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे बजावले आहे. किंमत मला मान्य आहे, त्यावर चर्चा नको. पंधरा दिवसांनी आईला घेऊन ओंकारेश्वरला जायचे आहे आणि वाटेतल्या भेरूघाटात मागच्या वेळी जे झाले ते पुन्हा होऊ द्यायचे नाही. गिअरबॉक्स बसेल की नाही, एवढेच कृपया सांगावे.

जुना पाना
गाडी कोणती, कोणत्या सालची, गॅसवर चालते की पेट्रोलवर, दाखवलेला गिअरबॉक्स कोणत्या गाडीतून काढलेला आहे आणि भेरूघाटात नेमके काय झाले, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. अशा स्थितीत "बसेल" म्हणणारा माणूस एक तर ज्योतिषी असेल किंवा आपला मेकॅनिक.

पोहे जिलेबी
मी दोन वर्षांपूर्वी क्लचचे पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी एएमटी गाडी घेतली आणि राजवाड्याच्या गर्दीत डाव्या गुडघ्याचे दुखणे पूर्ण थांबले. आपणही त्या दिशेने विचार करावा, असे सुचवतो.

उतारावरचा
क्लच आणि गुडघा, दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. चार गिअरची जुनी हॅचबॅक म्हटल्यावर मारुती ८०० हे उघड आहे असे मला वाटले होते. साल १९९७, कार्ब्युरेटरचे इंजिन, फक्त पेट्रोल. गिअरबॉक्स अल्टोचा आहे, असे मेकॅनिक सांगतो.

जुना पाना
उघड नव्हते. ही गाडी १९८३ साली आली, तिचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले आणि मधल्या काळात, २००० च्या सुमारास, तिची बारा व्हॉल्व्हची पाच गिअरवाली आवृत्तीही निघाली होती. साल कळल्यामुळे आता नीट बोलता येईल.
अल्टोचा किंवा त्या आवृत्तीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स जुन्या ८०० ला बसवून घेणारे लोक आहेत. मात्र नुसता गिअरबॉक्स आणून भागत नाही. गिअरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा रॉड, गिअरबॉक्सचे फाउंडेशन (त्याला आधार देणारे रबर) आणि त्याचे ब्रॅकेट, दोन्ही बाजूंचे एक्सल आणि स्पीडोमीटरच्या केबलचे टोक हे सगळे, गिअरबॉक्स ज्या गाडीतून काढला त्याच गाडीतून एकत्र घ्यावे. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडच्या दांड्याच्या) खाचांवर हाताने सरकवून पाहावी, ती अडली किंवा सैल वाटली तर पुढची बोलणी तिथेच थांबवावीत. एवढे उघडणारच आहात तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्यावे, कारण पुन्हा उतरवण्याची मजुरी त्या सुट्या भागांपेक्षा जास्त बोचते.

बायपासवाला
एवढा खटाटोप कशाला? मागच्या महिन्यात मी थोडे मोठे टायर बसवले आणि बायपासवर इंजिनाचा आवाज कमी झाला. पाचवा गिअर देतो तेच काम टायरने होते.

जुना पाना
तेच काम थोडेसे होते, आणि ते चारही गिअरांत होते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलतानाही इंजिनावर जास्त भार येतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. पाचवा गिअर मात्र नको तेव्हा वापरला नाही तरी चालतो.

निवृत्त अभियंता
दोघांनाही थोडे थांबवतो. १४५/७० आर १२ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.६ मीटर भरतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ८३५ फेरे घेते. चौथ्या गिअरचे एकूण गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, समजा ४ असेल, तर इंजिन ३,३४० फेऱ्यांवर असते. पाचव्यात तेच गुणोत्तर समजा ३.४ झाले, तर इंजिन २,८४० वर येते. मोठ्या टायरने एवढा फरक पाडायचा म्हटले तर तो टायर मडगार्डमध्ये मावणार नाही. शिवाय पाचव्याच्या दातांइतकेच महत्त्व डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरसंचाच्या) गुणोत्तराला आहे. दोन गिअरबॉक्समध्ये ते वेगळे असेल तर बाकीचे गिअरही बदललेले जाणवतील.
परंतु माझी मूळ शंका निराळी आहे. पाचव्या गिअरने फेरे कमी होतात, ताकद वाढत नाही. हे ७९६ सीसीचे छोटे इंजिन घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच चढणार आणि उतरतानाही तिथेच राहायला हवे. मग भेरूघाटासाठी पाचवा हवा, असे आपण का म्हणता?

बायपासवाला
मी टायरच्या बाजूने आहे, हे नोंदवून ठेवतो.

उतारावरचा
भेरूघाटात झाले ते सविस्तर सांगतो. उतारावर तिसऱ्यात होतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की लिव्हर खटकन मागे यायची आणि गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी धावायची. तिसऱ्यांदा असे झाल्यावर आईने उजव्या हाताने लिव्हर पुढे दाबून धरली आणि घाट संपेपर्यंत सोडली नाही. तिने डाव्या हातात प्रसादाचा डबा धरला होता. मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स गेला आहे. मग नवा घ्यायचाच तर पाच गिअरचा घ्यावा, असे मला वाटले.

जुना पाना
हे पहिल्या ओळीत लिहायला हवे होते. गिअर सुटण्याचे कारण आतील झिजलेली स्लीव्ह, शिफ्ट फोर्क किंवा बेअरिंग असू शकते, पण गिअरबॉक्सचे फाउंडेशन फाटले असले तरीही हेच होते, कारण इंजिन मागे-पुढे डोलले की रॉड लिव्हरला ओढतो. बॉनेट उघडून हँडब्रेक घट्ट लावा. आत बसलेल्या माणसाला आधी पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि आपण बाजूला उभे राहून इंजिन किती उसळते ते पाहा. समोर उभे राहू नका.

पोहे जिलेबी
गिअरबॉक्स बदलल्यावर आरटीओत अडचण येईल का, हेही कोणी सांगावे.

निवृत्त अभियंता
नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी विमा कंपनीला लेखी कळवलेले बरे.

उतारावरचा
फाउंडेशन पाहिले. रबर मधोमध फाटले होते आणि त्या भेगेत माझी दोन बोटे जात होती. नवे बसवले, रॉडचे बुशही बदलले आणि काल भेरूघाट खाली-वर करून आलो. गिअर एकदाही सुटला नाही. आई सोबत होती, लिव्हरपाशी हात तयार ठेवूनच बसली होती.
तरीही देवासच्या रस्त्यावरचा आवाज सहन होत नाही, म्हणून पाचवा मला हवाच आहे. एक पुढचे चाक उचलून, स्पार्क प्लग काढून, चौथा टाकून चाक हाताने दहा वेळा फिरवले. तेवढ्यात इंजिनाच्या क्रँकची पुली एकोणीस आणि थोडी जास्त फिरली. म्हणजे गुणोत्तर जेमतेम २ येते. मग इंजिन एवढे ओरडते का?

निवृत्त अभियंता
मोजणी बरोबर आहे, हिशेब अर्धा आहे. दुसरे पुढचे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतो. आलेल्या आकड्याची दुप्पट करा, म्हणजे ३.९ च्या आसपास. मेकॅनिकचा गिअरबॉक्स टेबलावर ठेवून पाचव्यात हेच मोजा. तिथे ३.४ च्या खाली बरेच उतरत असेल तर सपाट रस्त्यावरही चार माणसांसह हे इंजिन थकेल.

जुना पाना
मोजण्यापूर्वी त्यातले तेल गाळून घ्या. तळाच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट असेल तर हरकत नाही. तेलात पितळी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी कड्या) संपल्या आहेत, आणि बोटाला टोचणारा तुकडा लागला तर तो कुठल्या तरी दाताचा आहे. बसवल्यावर जीएल-४ दर्जाचेच तेल भरा, कारण काही जीएल-५ तेले पितळी रिंगांना मानवत नाहीत.

उतारावरचा
आज तेल गाळले. चुंबकावर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने ताजा तुटलेला. मेकॅनिकने तो हातात घेऊन उजेडात पाहिला, खिशात ठेवला आणि तेल पुन्हा भरू लागला. मी नकार देऊन आलो. दुसरा गिअरबॉक्स रॉड आणि एक्सलसह मिळेपर्यंत चार गिअरवरच चालवणार आहे, आणि ओंकारेश्वरलाही तसेच जाणार आहे.
दुसरे गिऱ्हाईक अद्याप आलेले नाही.